रागिणी हिवरखेडकर आणि तिची नक्कल

मी राजापेठेत गणित शिकवते. कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर आमचे क्लासेस आणि तळघरात शालिकरामचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. त्यानं भिंतींना गाद्या ठोकल्यात, तरी ढोलकी वर येतेच. मी दहावीच्या पोरांपुढं वर्गसमीकरण मांडत असते आणि खाली कोणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा गात असतं. पोरं माना डोलावतात, ते गणितासाठी नसतं एवढं मला कळतं.

रागिणीची ओळख अशीच झाली. एके दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी तरातरा खाली उतरले, निदान ओळ तरी बदला म्हणून सांगायला. काचेपलीकडं एक सावळी, किरकोळ अंगाची मुलगी कानांवर हेडफोन चढवून उभी होती. मला बघून तिनं आधी हात जोडले आणि मग विचारलं, "मॅडम, वरतं बेसूर ऐकू येऊन राहिलं का?" बेसूर नव्हतं. म्हणूनच तर पोरांचं लक्ष उडत होतं. मी भांडायला गेले होते आणि चहा पिऊन परत आले.

तेव्हा ती टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून नुकतीच परतली होती. चौथी आली होती. पहिल्याला गाडी मिळते, दुसऱ्या-तिसऱ्याला चेक मिळतो. चौथ्यासाठी परीक्षक उभे राहतात आणि डोळे पुसत सांगतात की खरी विजेती तूच. हिवरखेडला तिची उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, चौकात फ्लेक्स लागले. तिचं आडनाव वानखडे, पण कार्यक्रमवाल्यांना खेड्यातली पोरगी हवी होती, म्हणून त्यांनी पाटीवर "रागिणी हिवरखेडकर" असं टाकलं. तिच्या वडिलांनी, खुशालरावांनी, आधी कुरकुर केली की आमच्या आडनावाला काय धाड भरली होती. फ्लेक्सवर स्वतःचाही फोटो दिसल्यावर ते गप्प बसले.

मग मुंबईच्या एका कंपनीनं तिचं पहिलं गाणं काढलं. समुद्रकिनारा, पांढरा झगा, उडणारे केस. आवाजावर मशीननं अशी इस्त्री फिरवली होती की एकही सुरकुती उरली नव्हती. खुशालरावांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, गाणं झकास आहे, पण यात आपली पोट्टी कुठं आहे? बाकीच्या महाराष्ट्रानं तेवढंही विचारलं नाही. कंपनीनं दुसरं गाणं काढतो काढतो म्हणत फोन घेणं बंद केलं.

तिला उचललं ते शालिकरामनं. हा माणूस लग्नाची गाणी करतो, आरत्या करतो, निवडणुकीत सगळ्या पक्षांची गाणी एकाच चालीवर करतो, आणि त्याची त्याला लाज नाही. त्यानं रागिणीकडून "मांडवात कूलर लावा" म्हणवून घेतलं. मे महिन्यातलं अकोल्यातलं लग्न, नवरीची आत्या घामानं निथळून राहिली आहे आणि वरपक्षाला टोमणे मारते आहे, असं ते गाणं. मशीनची इस्त्री नाही, काही नाही. त्या वर्षी वाशीमपासून वरुडपर्यंत ज्या मांडवात ते वाजलं नाही, तिथं लग्न लागलं की नाही अशी शंका घ्यावी. मग पाच-सहा गाणी लागोपाठ आली. मोबाइलवर रागिणी हिवरखेडकर असं टाकलं की तिचं पान उघडायचं, तिचा टीव्हीवरचा फोटो, खाली सगळी गाणी ओळीनं. बस स्टँडवरची पोरं तिला ओळखायची. टीव्हीची ओळख म्हणजे फोडलेलं बिस्किटाचं पाकीट, मऊ पडायला वेळ लागत नाही. पण शालिकरामनं तिला डब्यात घालून ठेवली होती.

माझ्या धाकट्या भावाचं, गजेंद्रचं, स्थळ मीच तिला सुचवलं. तो अकोल्याला शेतकी खात्यात आहे. तिच्या गाण्यांचा तो आधीपासून भक्त होता, आणि मुलगी बघायला गेला तर चहाचा कप हातात धरून तसाच बसला. लग्नाला कोणाचीच ना नव्हती. आमच्या आईनं, गोदाबाईनं, एकच विचारलं, की पोरगी स्वयंपाकाला लागते का नुसतीच गाते? रागिणी म्हणाली, दोन्ही एकाच वेळी करते. आई हसली. आई हसली म्हणजे सोयरीक पक्की.

गृहप्रवेशाच्या संध्याकाळी लक्ष्मीपूजनाचं ताट आलं. ताटात तांदूळ पसरलेले. नवऱ्यानं अंगठीनं त्यात सुनेचं नवं नाव लिहायचं, मग पेढे वाटायचे, आणि त्या क्षणापासून घरादारानं तिला त्याच नावानं हाक मारायची. आमच्या गावंड्यांच्या घरात आलेल्या एकूण एक सुनेचं नाव असं बदललं आहे. माझं लग्न झालं नाही, म्हणून माझं शाबूत आहे. चिंतामणगुरुजींनी अक्षर काढून दिलं, गजेंद्रनं मोबाइलवर नावं शोधली आणि तांदळात लिहिलं, अवनी. रागिणीनं ते वाचलं. पेढा तोंडात होता, तो गिळून ती शांतपणे म्हणाली, "घरात काहीबी म्हना आई, मी ओ देईन. पन गान्यावर रागिणीच राहू द्या. लोकं मले त्याच नावानं धुंडतात."

"लोकायचं काय," आई म्हणाली, "नवं नाव बी धुंडतीन."

आईच्या मनात वाकडं काही नव्हतं, हे मी मुलगी म्हणून नाही सांगत, जे आहे ते सांगते. तिची समजूत अशी, की नाव देवापुढं बदललेलं आहे, जुनं चालू ठेवलं तर ते अर्धवट लग्न होतं आणि नवऱ्याच्या जिवाला बरं नसतं. आमचे बाबा, महादेवराव, पन्नाशीत गेले. त्यामुळं नवऱ्याच्या जिवाचा विषय निघाला की तिच्याशी वाद घालायची कोणाची हिंमत होत नाही. आणि गजेंद्र वाईट नाही. तो आईसमोर आईचा असतो, बायकोसमोर बायकोचा, आणि दोघी एकदम समोर आल्या की त्याला ऑफिसातून फोन येतो.

लग्नानंतरची दोन गाणी आली ती "सौ. अवनी गजेंद्र गावंडे" या नावानं. रेकॉर्डिंग शालिकरामचं, पण नेटवर चढवायचं काम गजेंद्रनं हौसेनं अंगावर घेतलं होतं, आणि आईचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्यानं हे नाव टाकलं. रागिणीला कळलं तेव्हा गाणी जाऊन चुकली होती. शालिकरामला कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "गजूभाऊ, चालतं दुकान होतं ना तिचं," तो म्हणाला. "तुमी पाटी काढून घरी नेली."

झालं असं, की मोबाइलनं अवनी गावंडे नावाची एक नवीनच बाई तयार केली. तिचं वेगळं पान, त्यावर फोटो नाही, गाणी दोनच. रागिणी हिवरखेडकरच्या पानावर जुनी गाणी तशीच पडून, त्यात नवीन भर नाही. ज्यांनी रागिणीला शोधलं त्यांना वाटलं हिनं गाणं सोडलं. ज्यांच्या हाती चुकून अवनी लागली त्यांनी खाली अभिप्राय लिहिले. एकानं लिहिलं, ही बाई रागिणीची कॉपी मारून राहिली. दुसऱ्यानं लिहिलं, आवाज सेम आहे पण तो दम नाही. एका सज्जनानं रागिणीताईंना जाहीर विनंती केली होती की या नकली बाईवर केस टाका. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्ही नणंद-भावजया पोट धरधरून हसलो. स्वतःचीच नक्कल करून पकडली गेलेली गायिका आख्ख्या जिल्ह्यात दुसरी नसेल.

आईनं ते चष्मा लावून स्वतः वाचलं. ती हसली नाही, भडकली. "माह्या सुनेले नकली म्हनतात?" ती म्हणाली. "सांग त्यायले, तेच रागिणी आहे म्हनून."

"मंग मी काय म्हनून राहिली, आई?" रागिणीनं विचारलं.

आईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाली की नाव देवापुढं बदललं ते बदललं, लोकांच्या तोंडाला कोण हात लावतं. आणि भाजी निवडायला बसली.

हसणं तिथंच संपलं. त्या उन्हाळ्यात अकोल्यात एका लग्नाला रागिणी गेली होती. डीजेवर "मांडवात कूलर लावा" लागलं, पोरं नाचायला धावली. हिची पंगत चालू होती. शेजारच्या पाटावरच्या बाईनं वरणाची वाट बघता बघता हिला सांगितलं की हे गाणं म्हणणारी पोट्टी फार गुणाची होती, लग्न झालं आणि संपली. रागिणी म्हणाली, हो का. त्या बाईनं विचारलं, तुमचं नाव काय? हिनं सांगितलं, अवनी. नवऱ्याच्या नात्यातली दहा माणसं समोर जेवत होती, दुसरं काय सांगणार. हे तिनं मला फोनवर सांगितलं, सांगताना आधी हसली, मग मध्येच फोन ठेवला. मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी वर्गात एका निरपराध पोराला मी पायथागोरसवरून धुऊन काढलं.

त्यानंतर तिनं घरात सांगून टाकलं. भांडली नाही, आवाज चढवला नाही. अवनी या नावानं गाणं काढणार नाही, रागिणी या नावानं काढू देत नसाल तर काढणारच नाही; घरातलं सगळं जसं आहे तसं चालेल. आणि खरंच तसं चाललं. स्वयंपाक, पाहुणे, गल्लीतल्या मुलींचा गाण्याचा क्लास. शालिकराम फोन करायचा, ती नम्रपणे नाही म्हणायची. टीव्हीवर त्या स्पर्धेचा नवा हंगाम आला, वाशीमकडची एक पोरगी शेवटच्या दहात पोचली, तिचे फ्लेक्स लागले. शालिकराम मला जिन्यात गाठून म्हणाला, मॅडम, अजून एक पावसाळा गेला तर रागिणीला पुन्हा चौथ्या नंबरपासून सुरुवात करावी लागेल, आणि यावेळी टीव्ही नाही. त्याच्या धंद्याचा त्यात मतलब होता, पण बोलत होता ते खरं होतं.

भाद्रपदाची पौर्णिमा झाली आणि घरोघर भुलाबाई बसली. आमच्या अकोल्याच्या घरीही रागिणीनं ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडले. गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी यायच्या, टिपऱ्यांवर गाणी म्हणायच्या, मग डबा हलवून खाऊ ओळखायचा. मी सुट्टीला गेले होते त्या संध्याकाळी पोरींची गाणी संपली, तरी खाऊ यायला वेळ होता, कारण करंज्या अजून तळायच्या होत्या. वेळ काढायला म्हणून आई भिंतीला टेकल्या टेकल्या एक गाणं म्हणू लागली. भुलाबाईच्या मिरच्या पोपटानं खाल्ल्या, त्याची चोच भाजली, तो दारोदार ताक मागत फिरतो, आणि प्रत्येक दारी त्याला काहीतरी भलतंच मिळतं. मी तिच्या पोटची मुलगी, पण हे गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. आईचा आवाज घासलेल्या पातेल्यासारखा, पण ठेका असा की पोरींच्या टिपऱ्या आपोआप सुरू झाल्या. स्वयंपाकघरातून रागिणी झारा हातात घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. करंज्या करपल्या. 

"हे कुठलं गानं, आई?" रागिणीनं विचारलं.

आई म्हणाली, माहेरचं. शिरजगावकडं म्हणायच्या पोरी. इकडं कोणाला येत नाही, म्हणून कधी म्हटलं नाही.

पुढचे दोन-तीन दिवस रागिणी आईच्या मागं मागं फिरत ते गाणं शिकत होती. शब्द आले, चाल आली, पण प्रत्येक कडव्याच्या शेवटी पोपटाला हुसकावणारी जी ओळ आहे, ती तिला जमेना. टीव्हीवर गाऊन आलेली पोरगी, पण त्या ओळीवर अडायची. आई म्हणायची, तू लय गोड म्हनून राहिली, पोपट पळन कसा? शेवटी असं ठरलं की रागिणीनं गाणं म्हणायचं आणि ती ओळ मागून आईनं. शालिकरामला फोनवर ऐकवलं तर तो म्हणाला, आजच्या आज या.

राजापेठेला निघण्याच्या आधी रागिणीनं आई आणि गजेंद्र दोघांनाही समोर बसवून सांगितलं, मीही तिथंच होते. ती म्हणाली, गाणं मी जीव लावून गाईन. पण त्यावर अवनी पडणार असेल तर ते बाहेर जाणार नाही, शालिकरामदादाच्या कॉम्प्युटरमध्ये राहील.  आईनं पिशवीत शेव-चिवड्याचा डबा भरला आणि म्हणाली, बस चुकेल.

स्टुडिओत आईला आधी हेडफोनची भीती वाटली. पदर डोक्यावरून घेतला होता, त्यावर ते यंत्र बसेना. शालिकरामनं समजूत काढून पदर खांद्यावर घ्यायला लावला. पहिल्या दोन वेळा तिनं ओळ लाजत म्हटली. तिसऱ्यांदा रागिणीनं कडवं संपवून तिच्याकडं बघितलं आणि आईनं त्या पोपटाला असं हाकललं की काचेअलीकडं आम्ही सगळे दचकलो. शालिकरामनं खुर्चीतून न उठता दोन्ही हात जोडले. गाणं एकदम ताजं निघालं. मी इतकी वर्षं वरून ऐकत आले, या तळघरात इतकं चांगलं काही झालेलं मला आठवत नाही. गजेंद्रनं डोळे पुसले आणि एसीचा त्रास होतो म्हणाला.

नेटवर चढवायचं काम यावेळी शालिकरामनं स्वतःकडंच ठेवलं, आणि त्याची एक पद्धत आहे. नावं तो गाणाऱ्याला शेजारी बसवूनच टाकतो, कारण एकदा गाणं गेलं की बदलायला महिने लागतात आणि मग लोक त्यालाच शिव्या देतात. त्यानं पडद्यावर रकाने उघडले. गाण्याचं नाव टाकलं. पारंपरिक असं टाकलं. मग गायिकेच्या रकान्यावर बाण नेला आणि थांबला. गजेंद्रनं आईकडं पाहिलं. रागिणीनं कोणाकडंच पाहिलं नाही. ती वायर गुंडाळत होती, गुंडाळून झालेली पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळत होती. गजेंद्रचा फोन वाजेल म्हणून मी वाट बघितली. वाजला नाही.

शालिकराम शहाणा माणूस. त्यानं तो रकाना तसाच सोडला आणि म्हणाला, आधी साथीचं भरून घेऊ. "काकू, ते मागची ओळ तुमची. तुमचं नाव काय टाकू?"

"गोदाबाई महादेवराव गावंडे," गजेंद्र म्हणाला.

"तिले इचारून राहिला तो," आई म्हणाली. स्वतःबद्दल ती असं बोलली, जशी दुसरीच कोणी तिथं बसली आहे. मग पदर नीट केला आणि म्हणाली, "मनकर्णा टाका."

गजेंद्रला हसू आलं. "कोन मनकर्णा, आई?"

"मी," आई म्हणाली. "शिरजगावात मनकर्णाच होती मी. तुह्या बाबानं तांदळात गोदावरी लिवलं. माहे मायबाप गेले, भाऊ गेला, मंग हाक मारनारं कोनी राहिलंच नाही. गानं तिचं आहे. मनकर्णानंच म्हटलं आता."

 माझ्या शाळेच्या दाखल्यावर, गजेंद्रच्या नोकरीच्या कागदांवर, आधारवर, रेशनकार्डावर, सगळीकडं आमच्या आईचं नाव गोदावरी आहे. मी तिच्या पोटी जन्मले, तिच्या हातचं खाल्लं, तिच्याशी हजारदा भांडले, आणि माझ्या आईचं नाव मला छत्तिसाव्या वर्षी शालिकरामच्या तळघरात कळलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

रागिणीनं वायर खाली ठेवली. ती आईजवळ आली, पण पाया पडली नाही, गळ्यातही पडली नाही. नुसती शेजारच्या स्टुलावर बसली.

"आता वरतं काय टाकू?" शालिकरामनं हळूच विचारलं.

"तिचं काय इचारता?" आई म्हणाली. "रागिणी हिवरखेडकर. साऱ्यायले मालूम आहे."

शालिकरामनं ते टाकलं. मग खालच्या रकान्यावर आला, मनकर्णा लिहिलं आणि बोटं उचलून विचारलं, "काकू, आडनाव कोनतं लावू? माहेरचं का इकडचं?"

"कोनतंच नको," आई म्हणाली. "तेवढंच राहू द्या."